०.७ बारची स्प्रिंग बसवली, मग बूस्ट ०.७ का दिसत नाही?

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन आठवडे याच एका गोष्टीच्या मागे लागलोय, म्हणून शेवटी इथे विचारतो. जरा सविस्तर लिहितो, नाहीतर तुम्हालाच पुन्हा पुन्हा विचारावं लागेल.

इंजिन २ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर. वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) टर्बोच्या आतलंच, म्हणजे झडप टर्बाइन हाउसिंगमध्ये आणि बाहेर ॲक्च्युएटरचा डबा नि दांडा. बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा वाढीव दाब, सांभाळतो तीन तोंडांचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी हवेची झडप), त्याला हुकूम ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा. टार्गेट ०.८ बार. गेलं वर्षभर वरच्या आरपीएमला गाडी ढेपाळत होती. ३००० ला ०.८ मिळायचं, पण ५००० च्या पुढे ०.६ वर घसरायचं. लॉगमध्ये वेस्टगेटची ड्यूटी (सोलेनॉइड किती टक्के वेळ डब्याची हवा बाहेर सोडतो ते) ९५ टक्क्यांवर जाऊन बसलेली आणि बूस्ट तरीही खाली. नळ्या बदलल्या, इंटरकूलरमध्ये हवा भरून गळती तपासली, काही सापडलं नाही.

मग ॲक्च्युएटरच बदलला. मूळचा ०.५ बारचा होता, नवा ०.७ चा आणला. दांडा थोडा ताणूनच पिनवर बसवायचा असतो हे ठाऊक होतं, म्हणून नट चार फेरे आत घेतला. आता सगळं उलटं झालंय. ३००० ला बूस्ट एकदम १.१ वर उडी मारतं, ईसीयू इंधन तोडतो आणि गाडी मागून कोणी ओढल्यासारखी अडते.

स्प्रिंग ०.७ ची, टार्गेट ०.८ चं, मग हे १.१ आलं कुठून? आणि जुन्या डब्याबरोबर वर बूस्ट का टिकत नव्हतं? नुसता नट फिरवून बघत बसायचं नाहीये, कारण समजून घ्यायचंय.

पाना_हाती

आधी एक काम करा. हे सुटेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका. ईसीयू इंधन तोडतोय तो इंजिन वाचवायला. ती मर्यादा कोणी 'वाढवून देतो' म्हणालं तर साफ नाही म्हणा.

दुसरं, चार फेरे फार झाले. दांड्याला एम ६ चे आटे असतील तर एक फेरा म्हणजे १ मिमी. चार मिमी ताण म्हणजे तुम्ही स्प्रिंगच बदलल्यासारखं आहे.

मोजमाप

पाना_हाती यांना +१. पण धागाकर्त्याला कारण हवंय, तर सुरुवात मोजण्यापासून करू. हातपंप घ्या, त्याला प्रेशर गेज हवा. डब्याची नळी काढून तिथे पंप जोडा. दांड्याच्या टोकाला डायल गेज टेकवा, नसेल तर व्हर्नियरने मोजलं तरी चालेल. मग हळूहळू दाब वाढवत हे लिहून काढा: दांडा हलायला कधी लागतो, १ मिमी कधी होतो, ५ मिमी कधी, १० मिमी कधी. 'हलायला लागला' हा क्षण डोळ्यांनी नेमका पकडता येत नाही, म्हणून १ मिमीचा आकडा जास्त भरवशाचा. शेवटी दाब धरून मिनिटभर थांबा. काटा उतरला तर डायफ्राम, म्हणजे डब्यातला लवचिक पडदा, फाटलाय.

जुना डबा टाकून दिला नसेल तर त्याचंही मोजा. खरी गोष्ट तोच सांगेल.

तिसरा_गिअर

मोजलं. दोन संध्याकाळी गेल्या, पण समाधान वाटलं.

नवा डबा, आत्ता गाडीवर जसा ताणून बसवलाय तसा: ०.८६ ला हलायला लागतो. ०.९० ला १ मिमी, १.०६ ला ५ मिमी. ८ मिमीला दांडा टेकतो, त्यापुढे कितीही दाब दिला तरी सरकत नाही.

तोच डबा, दांडा पिनवरून काढून मोकळा: ०.७० ला सुरुवात, १.१० ला १० मिमी, टेकतो १२ मिमीला.

जुना डबा मोकळा: सुरुवात ०.३८ ला. त्यावर ०.५ छापलंय. डायफ्राम मात्र धडधाकट, मिनिटभरात काटा जागचा हलला नाही.

मोजमाप

छान मोजलंत. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या आकड्यांतच आहेत. लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आधी डब्यात काय चालतं ते. एका बाजूला डायफ्राम, त्यावर कॉम्प्रेसरकडून आलेली हवा. दुसऱ्या बाजूला स्प्रिंग, आधीच दाबून ठेवलेली. हवेचा जोर स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की दांडा सरकतो, झडप उघडते आणि एक्झॉस्टमधला काही वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. आता डायफ्रामचा कामाचा व्यास ४० मिमी धरू. क्षेत्रफळ झालं १२५७ चौ. मिमी. ०.७० बार म्हणजे दर चौ. मिमीला ०.०७ न्यूटन, गुणून साधारण ८८ न्यूटन. ९ किलोचं वजन दांड्याला टांगल्यासारखं. हा झाला प्रीलोड.

पुढचं. ०.७० पासून १.१० पर्यंत, म्हणजे ०.४ बारमध्ये दांडा १० मिमी गेला. दर मिलिमीटरला ०.०४ बार, जोरात सांगायचं तर ५ न्यूटन. हा स्प्रिंगचा कडकपणा. चार फेरे म्हणजे ४ गुणिले ०.०४, म्हणजे ०.१६. ०.७० मध्ये ०.१६ मिळवा, ०.८६ येतं. तुमच्या पंपाने हेच दाखवलं.

इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. डब्यावर छापलेला आकडा झडप *कधी उघडायला लागेल* ते सांगतो. पूर्ण कधी उघडेल ते वेगळं, आणि इंजिनवर बूस्ट किती दिसेल ते त्याहूनही वेगळं. कारण झडपेवर स्प्रिंगविरुद्ध आणखी एक जण ढकलतोय, तो म्हणजे खुद्द एक्झॉस्ट.

झडपेचा व्यास २५ मिमी धरा, क्षेत्रफळ ४९१ चौ. मिमी. टर्बाइनच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांतला फरक ३००० ला समजा ०.८ बार. झडपेवर ३९ न्यूटन. झडपेची आतली भुजा २० मिमी, बाहेरच्या लिव्हरची ३० मिमी असेल तर दांड्याला जाणवतात २६ न्यूटन. डायफ्रामच्या हिशेबात हे ०.२१ बार झाले. हवेला तेवढं काम कमी करावं लागतं, कारण ते एक्झॉस्टनेच केलेलं असतं. ५५०० ला फरक वाढून १.३ बार झाला तर दांड्यावर ४२ न्यूटन, म्हणजे ०.३४ बार.

आता जुना डबा घ्या. ०.३८ ला उघडतो, म्हणजे प्रीलोड ४८ न्यूटन. तुमचा ईसीयू ९५ टक्के ड्यूटी देतोय, म्हणजे जवळजवळ सगळी हवा बाहेर सोडतोय, डब्याला जवळपास काहीच पोचत नाही. तरी झडप उघडते, कारण एक्झॉस्टचा फरक साधारण १.४६ बार झाला की तो एकटाच हे ४८ न्यूटन मोडून काढतो. सोलेनॉइडच्या हातात तिथे काही उरत नाही. ड्यूटी वर जाऊन बसलेली आणि बूस्ट खाली, हे याच दुखण्याचं लक्षण. स्प्रिंग वर्षानुवर्षं टर्बोच्या शेजारी तापून बसली, तिचा जीव गेला. मूळच्या ०.५ ला हाच आकडा १.९ बार होता, म्हणून नवी असताना गाडी वरपर्यंत ओढत होती.

माझे व्यास आणि भुजा अंदाजाच्या आहेत, तुमच्या टर्बोच्या तुम्ही मोजा. शिवाय एक्झॉस्टचा दाब सपाट नसतो, प्रत्येक सिलिंडरच्या ठोक्याबरोबर उसळतो, आणि झडप उघडली की तिच्यावरचा जोरही बदलतो. पण दिशा हीच.

निळा_धूर

इतका हिशेब कशाला? माझं साधं म्हणणं: जितकी कडक स्प्रिंग तितका टर्बो लवकर भरतो. मी नेहमी जास्तीत जास्त कडक घालतो. जास्त झालं तर ब्लीड व्हॉल्व्ह लावून कमी करायचं.

पाना_हाती

निळा_धूर भाऊ, शेवटचं वाक्य उलटं आहे. ब्लीड व्हॉल्व्ह डब्याला जाणारी हवा *सोडून देतो*, म्हणजे झडप उशिरा उघडते आणि बूस्ट *वाढतं*. त्याने कमी करता येत नाही. हाताने फिरवायचा गोळी-स्प्रिंगवाला कंट्रोलर घ्या किंवा ईसीयूचा सोलेनॉइड, सगळे याच दिशेने काम करतात. डब्याला खऱ्या दाबापेक्षा कमी दाब दाखवायचा. जास्त दाब दाखवायची सोय त्यांच्यात नाही.

म्हणून स्प्रिंग म्हणजे घराची जमीन. तिच्यावर मजले चढवता येतात, तिच्याखाली उतरता येत नाही. ज्याला ०.८ हवं त्याने जमीनच ०.८५ वर घातली तर ईसीयू ड्यूटी शून्यावर आणूनही काही करू शकणार नाही.

मोजमाप

धागाकर्त्याच्या गाडीत नेमकं हेच झालंय. ०.८६ ला उघडणारा डबा, त्यातून ३००० ला एक्झॉस्टचे ०.२१ वजा. झडपेला ४ मिमी उघडावं लागत असेल तर ०.१६ अधिक. आलं ०.८१. म्हणजे ड्यूटी शून्य असतानाच टार्गेट गाठलेलं. आणि ईसीयूमधला ड्यूटीचा तक्ता अजून जुन्या ०.५ च्या स्प्रिंगचा आहे. तो म्हणतो, ३००० ला ०.८ हवं तर सुरुवातीलाच भरपूर ड्यूटी दे. दिली. डब्याला हवा मिळाली नाही, झडप बंद राहिली, टर्बो फिरत सुटला. चूक कळून ईसीयूने ड्यूटी काढून घेईपर्यंत १.१ होऊन गेलं. स्प्रिंग बदलली आणि तक्ता तोच ठेवला की पहिली उडी ठरलेली.

भर म्हणजे ८ मिमीला दांडा टेकतो. प्रीलोड वाढवला की झडपेचा प्रवास तेवढाच कमी होतो. १२ मिमीतले ४ तुम्ही नटातच खर्च केलेत. वरच्या आरपीएमला वायू जास्त, तो बाहेर काढायला झडप मोठी उघडावी लागते, आणि तिला तर जागाच नाही.

निळा_धूर, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. मऊ स्प्रिंग असली तर झडप टार्गेटच्या बरीच आधी फट सोडते आणि टर्बो भरायला वेळ लागतो. पण ते 'आधी उघडणं' सोलेनॉइड थोपवू शकतो, निदान एक्झॉस्ट त्याला हरवत नाही तोवर. म्हणून स्प्रिंग टार्गेटच्या अर्ध्याहून वर आणि टार्गेटच्या खाली ठेवावी. तीन तोंडांच्या सोलेनॉइडवर जमिनीच्या दुपटीपर्यंत बूस्ट नीट सांभाळता येतं, त्यापुढे ते हातातून निसटायला लागतं.

डिझेलवाली

वाचतेय आणि शिकतेय. एक भर घालते, कारण डिझेलवाले हा धागा वाचून गाडीखाली शिरतील आणि गोंधळतील.

वर चाललंय ते दाबावर चालणाऱ्या डब्याबद्दल. पुष्कळ डिझेल गाड्यांत, आणि काही पेट्रोल गाड्यांतही, डबा *व्हॅक्यूमवर* चालतो. तिथे स्प्रिंगचं काम उलटं. स्प्रिंग झडप उघडी ठेवते, आणि पाती फिरणारा टर्बो असेल तर पाती कमी बूस्टच्या बाजूला धरते. व्हॅक्यूम खेचून बूस्ट वाढवायचं.

त्यामुळे बिघाडाची लक्षणंही उलटी. दाबाच्या डब्याची नळी निसटली किंवा डायफ्राम फाटला तर झडप उघडतच नाही आणि बूस्ट बेफाम चढतं, इंजिन जायची वेळ येते. व्हॅक्यूमच्या डब्याची नळी निसटली तर बूस्ट येतच नाही, गाडी मरगळते. माझ्या गाडीला दोन ठिकाणी नेऊन टर्बो बदलायला सांगितलं होतं. निघाली व्हॅक्यूमची एक नळी, वाकणाऱ्या जागी चिरलेली. हाताने सरळ धरली की चीर मिटायची, इंजिन थरथरलं की उघडायची. बोटाने चाचपडत गेले तेव्हा नखाला लागली. म्हणून कळकळीने सांगते, टर्बोवर बोट ठेवण्याआधी प्रत्येक नळी वाकवून बघा.

पाना_हाती

ताई, अगदी खरं. त्यात आणखी एक. आता बऱ्याच नव्या गाड्यांत विजेच्या मोटरचा ॲक्च्युएटर असतो. त्याला झडप नेमकी किती उघडी आहे ते सेन्सरने कळतं, आणि हवेच्या दाबाची वाट न बघता तो ती हवी तिथे नेऊ शकतो. थंड इंजिन सुरू होताना झडप उघडी ठेवून कॅटॅलिस्ट (एक्झॉस्ट स्वच्छ करणारा भाग) लवकर तापवणं, हळू चालवताना ती उघडी ठेवून एक्झॉस्टची कोंडी कमी करणं, हे दाबाच्या डब्याला जमत नाही. त्याचा दांडा नट फिरवून 'ॲडजस्ट' करू नका. लांबी बदलली की सेन्सरचं शिकलेलं सगळं चुकतं.

जुना_मॅन्युअल

अवांतर, पण राहवत नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत दोन टर्बो गाड्या बाजारात आल्या. ओल्ड्समोबाइल जेटफायरला वेस्टगेट होतं, शिवाय इंजिन ठोकू नये (नॉक, म्हणजे इंधन अवेळी भडकणं) म्हणून पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण फवारायची टाकी. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर मोन्झा स्पायडरला वेस्टगेटच नव्हतं. तिथे एक्झॉस्टची वाट मुद्दाम अरुंद ठेवून बूस्टला लगाम घातला होता. पुढे साबने १९७० च्या दशकाच्या शेवटी ९९ टर्बो आणली. छोटा टर्बो, लवकर भरणारा, आणि वेस्टगेटने वेळेत आवरलेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनीच नॉक सेन्सर आणि सोलेनॉइड जोडून, इंजिन ठोकायला लागलं की बूस्ट आपोआप उतरवायची सोय केली. आज तुमचा ईसीयू करतो त्याची मुळं तिथे आहेत.

बाहेरचं_गेट

माझं वेस्टगेट बाहेरचं, वेगळं बसवलेलं. आत दोन स्प्रिंगा, एकीत दुसरी. ०.५ आणि ०.३ अशा मिळून ०.८. माझा त्रास असा: ३५०० ला ०.८ बरोबर, आणि मग आरपीएम चढेल तसं चढत ६५०० ला १.१५. ड्यूटी शून्य. ०.३ ची स्प्रिंग काढली तर ३५०० ला ०.५, पण ६५०० ला परत १.०५. स्प्रिंग आणखी मऊ घालू का?

मोजमाप

नाही, स्प्रिंगला हात लावू नका. तुम्ही नकळत उत्तम प्रयोग केलाय. एकात एक बसवलेल्या स्प्रिंगांचे जोर बेरजेने लागतात, म्हणून ०.३ ची काढल्यावर खाली ०.८ चं ०.५ झालं. पण वर बूस्ट फक्त ०.१ ने उतरलं. म्हणजे वर झडप पूर्ण उघडलेली आहे आणि तरी वायू पुरेसा बाहेर जात नाही. दार सताड उघडं आहे, दारच लहान आहे. कितीही मऊ स्प्रिंग आणली तरी सताडपेक्षा जास्त ते काय उघडणार?

खात्री करायची असेल तर स्प्रिंग न घालता, झडप पूर्ण उघडी अडकवून हलक्या हाताने एक फेरी मारा. अंतर्गत वेस्टगेटवाल्यांनी दांडा काढून लिव्हर तारेने उघड्या बाजूला बांधायचा. त्या अवस्थेत वर जे बूस्ट येईल त्याच्याखाली तुम्ही कोणत्याही स्प्रिंगने जाऊ शकणार नाही. उपाय फिटिंगमध्ये आहे: मॅनिफोल्डवरून वेस्टगेटकडे जाणारी वाट. ती मुख्य प्रवाहाला काटकोनात फुटली असेल तर वायू तिकडे वळायला बघत नाही, तो सरळ टर्बाइनकडे धावतो. जोड प्रवाहाच्या दिशेने तिरका हवा, आणि झडप मोठी.

बाहेरचं_गेट

काटकोनातच आहे. आत्ता वाकून बघितलं. तीन स्प्रिंगा विकत घेऊन झाल्या माझ्या. आभार.

घाटवळण

एक प्रश्न विचारू का? मी उंच डोंगरात गाडी नेतो तेव्हा बूस्ट गेज तेच ०.७ दाखवतो पण गाडीत दम नसतो. स्प्रिंग थंडीने कडक होते का?

मोजमाप

स्प्रिंगचा दोष नाही. डब्याच्या एका बाजूला बूस्ट, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. म्हणून स्प्रिंगला कळतो तो *फरक*. समुद्रसपाटीला बाहेर १ बार, त्यावर ०.७, एकूण १.७. २००० मीटरवर बाहेर साधारण ०.८ बार, त्यावर तेच ०.७, एकूण १.५. गेज खोटं बोलत नाही, सिलिंडरात हवाच कमी आहे. ईसीयू एकूण दाबाकडे बघून ड्यूटी वाढवणारा असेल तर तो हे बरंचसं भरून काढतो, पण त्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून चांगले ईसीयू वर गेल्यावर टार्गेट स्वतःहून उतरवतात. जे नुसत्या स्प्रिंगवर चालवतात त्यांना ही सोय नाही.

निळा_धूर

मोजमाप, वरचं सगळं दोनदा वाचलं. ब्लीड व्हॉल्व्हबद्दल माझं चुकलं होतं, मान्य. एक विचारायचंय. मोठा डबा घेतल्याने काही फरक पडतो, की दिखावाच?

मोजमाप

खरंच पडतो, आणि हा मुद्दा फार कोणी लक्षात घेत नाही. दोन्ही ०.५ बारचे डबे घ्या, एक ४० मिमीचा, एक ६० चा. लहान्याचा प्रीलोड ६३ न्यूटन. मोठ्याचं क्षेत्रफळ २८२७ चौ. मिमी, प्रीलोड १४१. एक्झॉस्टचे ते ४२ न्यूटन दोघांवर सारखेच. लहान्याकडे २१ च्या आसपास उरतात, तो ०.१६ बारलाच उघडतो. मोठ्याकडे ९९ उरतात, तो ०.३५ ला उघडतो. छापलेला आकडा एकच, पण मोठा डबा एक्झॉस्टला कमी बधतो. ज्यांचं बूस्ट वरच्या आरपीएमला घसरतं त्यांना प्रीलोड पिळत बसण्यापेक्षा मोठा डबा चांगला, जागा असेल तर.

स्प्रिंगच्या बाबतीतही तेच. आखूड आणि ताठ स्प्रिंग थोडी दाबून ०.५ करता येतं, लांब आणि लवचिक स्प्रिंग बरीच दाबूनही ०.५ करता येतं. धागाकर्त्याची ५ न्यूटनवाली १० मिमीत ०.४ बार घेते. अडीच न्यूटनवाली असती तर ०.२ च घेतली असती, म्हणजे बूस्टची रेघ जास्त सपाट. लांब स्प्रिंग मावायला डबा खोल लागतो, एवढंच.

तिसरा_गिअर

आज शेवटी निवांत वेळ मिळाला. काय केलं ते क्रमाने लिहितो.

आधी दांडा पिनवरून काढून झडप हाताने हलवली. मोकळी हवी होती, पण बंद होतानाच्या शेवटच्या दोन मिमीत किंचित खरखर जाणवली. बुशवर काजळी धरली होती. साफ केली, आता बोटाने ढकलली की टक्क करून बसते. मग नट तीन फेरे सोडून एकच फेरा ताण ठेवला. पंपावर आता ०.७४ ला सुरुवात, दांड्याला ११ मिमी प्रवास.

नळी बघताना आणखी एक सापडलं, जे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. ॲक्च्युएटर बदलताना मी डब्याची हवा इंटरकूलरच्या *नंतरच्या* पाइपवरून घेतली होती, जोडायला सोपी म्हणून. ती परत कॉम्प्रेसरच्या तोंडावरच्या मूळ निपलला जोडली. तिथून दाब लवकर पोचतो, आणि इंटरकूलरमध्ये जेवढा दाब पडतो तेवढा कॉम्प्रेसरला वर ढकलावा लागत नाही.

मग सोलेनॉइड बंद करून, ड्यूटी शून्य, मोकळ्या बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ५५०० एक ओढ. ३००० ला ०.६९, ५५०० ला ०.६७. मोजमाप, तुमच्या पद्धतीने कागदावर मी ०.६९ आणि ०.६८ काढून ठेवलं होतं.

आता प्रश्न ड्यूटीच्या तक्त्याचा. तो कुठून सुरू करू?

मोजमाप

आकडे बघून फार आनंद झाला. जमीन ०.६८, टार्गेट ०.८, हे प्रमाण उत्तम आहे. तक्ता ज्याच्याकडून भरून घेताय त्याला सांगा, सगळीकडे मूळ ड्यूटी १० टक्के घालून सुरुवात करायला. ईसीयूची आपोआप दुरुस्ती तेवढ्यापुरती बंद ठेवायची, नाहीतर तक्त्याने केलं की दुरुस्तीने केलं ते कळत नाही. एक ओढ, लॉग बघा, ५ टक्के वाढवा, पुन्हा ओढ. ०.८ मिळालं की त्या आरपीएमचा आकडा पक्का. ३००० च्या आसपास दोन-तीन टक्के कमीच ठेवा, तिथे टर्बो वेगात असतो आणि उडी तिथेच येते. दुरुस्ती शेवटी चालू करायची. आणि प्रत्येक ओढीला नॉक आणि इंधनाचं मिश्रण लॉगमध्ये हवंच.

तिसरा_गिअर

झालं. ३००० ला १४ टक्के, ४००० ला १८, ५५०० ला २१. उडी ०.८४ पर्यंत जाते आणि अर्ध्या सेकंदात ०.८ वर बसते. ५५०० ला ०.७९. नॉक नाही, मिश्रण जागेवर.

जुना डबा कापून उघडला, उत्सुकता होती म्हणून. स्प्रिंग तुटलेली नव्हती, गंजलेलीही नव्हती. नुसती बघून तिच्यात काही वावगं आहे असं कोणी म्हणालं नसतं. ती पिवळसर तपकिरी झालेली आणि वरचे दोन वेढे एकमेकांच्या किंचित जवळ आलेले, एवढंच. ती टेबलावर उभी ठेवलीय. कोणाला फोटो हवा असेल तर टाकतो.

डिझेलवाली

फोटो नक्की टाका. आणि वेढ्यांमधली अंतरं मोजून लिहा.